गुडघ्यात गाणारी बाई

त्या दुपारी मी गाडीत कुणाची तरी वाट बघत बसलो होतो. काचा वर, इंजिन बंद, गाणं चालू. एरवी गाडी चालवताना गाणं कुठून येतंय याकडे कुणाचं लक्ष असतं? ते येतंय, एवढं पुरतं. पण उभ्या गाडीत, समोर बघण्यासारखं काही नसताना, माझ्या एकदम लक्षात आलं की गाणारी बाई माझ्या गुडघ्यात बसलेली आहे. अगदी गुडघ्यात. दाराच्या खालच्या कोपऱ्यात जी जाळी असते ना, तिच्यामागे. व्हायोलिनवाले पलीकडच्या दारापाशी अंग चोरून उभे होते आणि ढोल डिकीत, स्टेपनीला टेकून.

एकदा लक्षात आलं की संपलं. दातात काही अडकल्यावर जीभ जशी सारखी तिथेच जाते, तसा कान गुडघ्याकडे जायला लागला.

स्क्रीनवर चार-पाच पायऱ्या खाली, जिथे आपण गाडी घेतली त्या दिवशी एकदा फिरून येतो आणि पुन्हा कधी फिरकत नाही, तिथे 'सराउंड' नावाचं बटण होतं. बंद होतं. चालू केलं. बाई ताडकन उठून डॅशबोर्डवर जाऊन बसली, ते बरं झालं. पण तिच्यासकट सगळा वाद्यवृंद विहिरीत उतरला. बहुतेक गाण्यांत मुळात आवाजाचे दोनच पदर असतात, डावा आणि उजवा. मग ही यंत्रणा काय करते, तर दोन्हींत सारखं जे असेल ते मधल्या स्पीकरला देते आणि वेगळं जे असेल ते मागे ढकलते. कधी जमतं, कधी व्हायोलिनं मानेवर येऊन बसतात. मधल्याचा आवाज वाढवला की बाई ठाम होते, पण गाणं आक्रसतं. कमी केला की गाणं पसरतं, पण बाई पुन्हा गुडघ्यात.

दुसऱ्या दिवशी मी शिवणकामाच्या डब्यातली टेप घेऊन गाडीत जाऊन बसलो. तिचं एक टोक कानापाशी धरायचं, दुसरं दाराच्या जाळीवर. एकट्याने जमणारं काम नाही हे. तेवढ्यात बायको आली.

"काय चाललंय?"

"कानाचं माप घेतोय."

ती काही बोलली नाही. टेपचं दुसरं टोक मात्र तिने धरलं.

माझ्या दाराचा स्पीकर कानापासून ९५ सेंटिमीटर निघाला, पलीकडच्या दाराचा १४६. डिकीतला सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, वळसे घेत २१०. आवाज २० अंश तापमानाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर, शाळेतल्या फुटपट्टीपेक्षा बोटभर जास्त. तेव्हा माझ्या दारातली बाई पलीकडच्या दारातल्या बाईपेक्षा दीड मिलिसेकंद आधी पोचते. दीड मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, पापणी लवायलासुद्धा याच्या शंभरपट वेळ लागतो. पण कानाचं गणित वेगळं. अगदी बाजूने आलेला आवाज एका कानाला पोचून दुसऱ्या कानाला पोचेपर्यंत फार तर ०.६-०.७ मिलिसेकंद जातात आणि तेवढ्या भांडवलावर आपण आयुष्यभर बरोबर दिशेला मान वळवत असतो. त्या मानाने दीड म्हणजे चैन.

हेल्मुट हास नावाच्या जर्मन माणसाने १९४९ साली ग्योटिंगेनला याच विषयावर प्रबंध लिहिला. तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या मिलिसेकंदांच्या अंतराने आला तर कान दोन आवाज मानत नाही. सगळं श्रेय पहिल्याला देऊन मोकळा होतो. मागून येणारा चांगला चढ्या आवाजात आला तरीही. हे वाचल्यावर मला माझ्याच कित्येक वर्षांच्या उद्योगाची कीव आली. बाई गुडघ्यातून निघावी म्हणून मी बॅलन्सचं बटण पलीकडे सरकवत आलो होतो. म्हणजे उशिरा आलेल्याला ओरडायला लावायचं. लवकर आलेला जागा धरून बसलाय तो बसलाच.

उपाय उलटा आहे. जवळच्याला थांबवायचं. सगळ्यात लांबचा, म्हणजे डिकीतला, तो शून्यावर. पलीकडच्या दाराने त्याच्यासाठी १.९ मिलिसेकंद थांबायचं, माझ्या दाराने ३.४. आकडे भरले, डोळे मिटले, गाणं लावलं. बाई गुडघ्यातून उठली आणि काचेपलीकडे, बॉनेटच्या जरा वर, जाऊन उभी राहिली. तिथे काहीही नाही. ना स्पीकर, ना जाळी. मी डोळे उघडून खात्री केली. नव्हतंच काही.

आता खरं सांगायचं तर इथेच थांबायला हवं होतं. पण माझ्यात अण्णा आहेत.

आमच्या लहानपणी घरात एक कॅसेट प्लेअर होता आणि त्याच्या झाकणाला एक भोक होतं. त्या भोकातून आत एक इवलासा स्क्रू दिसायचा, त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा थेंब. तो थेंब म्हणजे 'हात लावू नये' असं कारखान्याने सांगितलेलं. अण्णांनी पहिल्याच आठवड्यात तो नखाने खरवडला. कुणाकडून तरी भरून आणलेली कॅसेट लावली की आवाज घोंगडी पांघरल्यासारखा यायचा. ज्या मशीनवर ती भरली, त्याचं हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज भरणारा-वाचणारा तुकडा, आणि आमचं हेड केसभर वेगळ्या कोनात. तो कोन त्या स्क्रूच्या हातात. मग अण्णा घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर त्या भोकात घालायचे आणि कॅसेट चालू असतानाच तो स्क्रू पाव-पाव वळवायचे. मी स्पीकरला कान लावून पालथा पडलेला.

"आता?"

"नाही."

"आता?"

"थोडं मागे... थोडं... हां!"

आणि खरंच घोंगडी कुणीतरी एका झटक्यात ओढून घ्यायचं. 'स'ला धार यायची, झांजा झांजांसारख्या वाजायच्या, गाणारा श्वास घेताना ऐकू यायचा. अण्णा हात तसाच धरून दोन मिनिटं बसायचे, श्वास रोखून, जणू हलले तर कोन बिघडेल. प्रत्येक वेळी ते मलाच विचारायचे. आईला नाही, ताईला नाही. माझ्या कानांवर केवढा हा विश्वास, म्हणून माझी छाती फुगायची.

गंमत पुढे व्हायची. ती एक कॅसेट उघडली की घरातल्या बाकीच्या सगळ्या मिटायच्या. विकत आणलेल्या, कधीही तक्रार न केलेल्या. आई म्हणायची, "तुमच्या त्या एकीसाठी माझ्या सगळ्या घालवल्यात." मग पुन्हा स्क्रू मागे. अण्णांनी भोकाच्या कडेला पेन्सिलीने एक खूण करून ठेवली होती, मूळ जागेची. कालांतराने तिथे सात-आठ खुणा झाल्या आणि मूळची कुठली ते कुणालाच सांगता येईना.

तर ते असो. मी पिंक नॉइज लावला. नाव गोड आहे, ऐकायला पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा आवाज. प्रत्येक सप्तकात सारखीच शक्ती, म्हणून मापायला सोयीचा. फोन कानाच्या उंचीवर धरून डोक्याभोवती हळूहळू फिरवायचा, पडद्यावर उभे दांडे नाचतात, आणि मग इक्वलायझरच्या, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायच्या, एकतीस पट्ट्या वरखाली करून ते दांडे एका रेषेत आणायचे. दृष्ट काढतोय असं वाटेल बघणाऱ्याला. दोन संध्याकाळी घालवून मी ती रेष आणली. सरळ, लखलखीत, इस्त्रीची घडी. आणि त्यावर गाणं लावलं तर ऐकवेना. कोरडं, टोकदार, पत्रावळीसारखं. सपाट रेष म्हणजे सपाट गाणं. खालचे सूर चांगले चढे आणि तिथून वरपर्यंत हलका उतार, असंच गाडीत बरं लागतं. एक तर कानाला ते आवडतं, आणि दुसरं म्हणजे चाकांची घरघर आधी खर्जच गिळते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. वाचवून काय करणार होतो, हा प्रश्न वेगळा.

मधेच दार कुरकुरायला लागलं. ठरावीक एका सुरालाच. म्हणून फोनवरून वीस हर्ट्झपासून हळूहळू चढत जाणारा सूर सोडला. साठच्या जरा पुढे गेला की दार मांजरासारखं गुरगुरायचं. पॅनेल दाबून पाहिलं, क्लिपा दाबून पाहिल्या, जाळीला तळहात लावला. अर्ध्या तासाने दाराच्या कप्प्यातली चष्म्याची डबी उचलली आणि गुरगुर थांबली. आत चष्मा होता. गेला महिनाभर मी तो घरात शोधत होतो.

एक लहर तर लिहायला लाज वाटते. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, अंशाला सुमारे ०.६ मीटर. म्हणजे उन्हात तापलेल्या गाडीत माझे सगळे आकडे चुकीचे. फरक कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही एवढा आहे, हेही मला ठाऊक आहे. तरी उन्हातून येऊन बसलो की मी एसी लागून गार होईपर्यंत गाणं लावत नाही.

आणि मग एका रविवारी बायको शेजारी बसली. तिला काहीच न सांगता गाणं लावलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. कडवं संपलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"कोण?"

"समोर उभी आहे ती."

"समोर कुठे? माझ्या दारात घुसून गातेय."

मी जागा बदलून पाहिलं. तिचं बरोबर होतं. दीड मिलिसेकंदाचा फरक मी माझ्यापुरता काढला, तो तिच्या बाजूला जाऊन तीन झाला होता. माझ्या सीटवरून जितकं जुळलं, तितकंच शेजारी आणखी बिघडलं. दोघांनाही बाई बरोबर समोर दिसेल असे आकडे नाहीत. मधला स्पीकर थोडी मध्यस्थी करतो, म्हणून तर तो दिलेला असतो. पण ती मध्यस्थीच. दोघंही थोडे थोडे नाराज.

अॅलन ब्लुमलाइन नावाचा इंग्रज इंजिनिअर १९३१ साली होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, अशी गोष्ट सांगतात. माणूस पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज दुसऱ्या टोकाच्या भोंग्यातून. याला ते सहन होईना. आवाज माणसामागून चालेल असं काहीतरी करता येईल, असं तो तिला म्हणाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला. पुढे १९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी उडालेल्या विमानाच्या अपघातात तो गेला, अडतीस वर्षांचा असताना. स्टिरिओ तबकड्या दुकानात आल्या त्या पंधराएक वर्षांनी. मला नेहमी वाटतं, त्या थिएटरात त्याची होणारी बायको कुठल्या खुर्चीत होती? तिला आवाज बरोबर जागी येत होता का? ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तर आता दोन सेटिंग साठवली आहेत. एक माझं, एक 'सगळे' नावाचं. 'सगळे' लावलं की कुणालाच काही खास वाटत नाही आणि कुणी काही बोलतही नाही.

परवा मुलगी मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती आणि मी ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, तपासत होतो. फोनवरून एकेक सूर. दहा हजार हर्ट्झ, ठीक. बारा हजार, बारीक पण आहे. चौदा हजारला काहीच येईना. म्हटलं ट्वीटर गेला. पट्टी तीन डेसिबल वर केली, मग सहा. खांबावरच्या त्या छोट्या जाळीला कान लावला. शांत.

"बाबा, बंद कर ना ते!" तिने दोन्ही हात कानांवर गच्च धरले होते.

"काय बंद करू? काही चालूच नाहीये."

तिने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही, हे तिचं चुकलं; हसायला हवं होतं. वय वाढलं की वरचे सूर आधी जातात हे मी वाचलं होतं. दुसऱ्यांचे जातात तसे.

मी पट्टी खाली आणायला लागलो. पडद्यावरची ती ठिपक्याएवढी खूण दोन बोटांनी सरकत नाही, एकाच बोटाने सरकते, पण माझी दोन बोटं जवळ आली होती.

"आता?" मी विचारलं.

"अजून टोचतंय."

"आता?"

"थोडं मागे. थोडं... हां, बास."

अण्णा तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. मी बावन्नचा आहे.

मग तिला कुणाचा तरी फोन आला आणि ती बोलत बोलत उतरून गेली. पट्टी आहे तिथेच आहे.