दोन मॉन्टगोमेरी एका दिवसात होत नाहीत

वंशद्वेषातून मारल्या गेलेल्या स्थानिक कृष्णवर्णीयांची माहिती जमवायला निघालेल्या आम्हा अटलांटाच्या विद्यार्थ्यांना 'दोन्ही मॉन्टगोमेरी एका दिवसात उरकतात' असे छातीठोकपणे सांगण्यात आले होते. ते साफ खोटे आहे. वंशद्वेषातून झुंडींनी मारलेल्या कृष्णवर्णीयांचे स्मारक आहे ते अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहर अटलांटाच्या नैऋत्येला सुमारे २६० किलोमीटरवर आहे, तर आयझाया निक्सन या कृष्णवर्णीय मतदाराला जिथे गोळ्या घातल्या गेल्या ती मॉन्टगोमेरी काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियाच्याच आग्नेय भागात आहे. एकीकडून दुसरीकडे जायला चार-पाच तास लागतात, शिवाय अलाबामाचे घड्याळ एक तास मागे असल्याने जाताना मिळालेला तास परतताना जातो.

अलाबामाचा दिवस सोपा गेला. २०१८ साली उघडलेल्या स्मारकात काउंटीगणिक एक असे आठशेहून अधिक पोलादी स्तंभ आहेत. पायाखालची जमीन उतरत जाते, त्यामुळे स्तंभांवरची, आधी डोळ्यांसमोर असलेली मृतांची नावे पुढे डोक्यावर लटकू लागतात. पाच डॉलरच्या तिकिटात संग्रहालयही पाहता येते. सोमवारी आणि मंगळवारी ही ठिकाणे बंद असतात, एवढे पाहून निघावे.

खरे काम जॉर्जियात आहे. ८ सप्टेंबर १९४८ रोजी निक्सन यांनी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मतदान केले. त्याच दिवशी दोन गोरे भाऊ त्यांच्या घरी आले आणि बायको-मुलांच्या डोळ्यांदेखत त्यांना गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. कृष्णवर्णीय मतदारांना गाडीतून मतदानाला नेणारे डोव्हर कार्टर यांनाही त्या दिवशी बेदम मारहाण झाली. सर्व गोऱ्या ज्युरीने गोळी झाडणाऱ्याला स्वसंरक्षणाच्या सबबीवर सोडले, दुसऱ्या भावावरचा आरोप मागे घेतला गेला, आणि निक्सन कुटुंबाला गाव सोडून फ्लोरिडाला जावे लागले. निक्सन यांची कबरही विस्मरणात गेली. ती २०१५ मध्ये एमरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी शोधून काढली.

अशा शोधावर निघणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. काउंटीच्या न्यायालयांतील जुन्या फौजदारी नोंदींची सूची सहसा आरोपीच्या नावावर असते. मेलेल्या माणसाचे नाव घेऊन खिडकीशी उभे राहिलात तर कारकून नम्रपणे 'काही नाही' म्हणेल आणि ते त्याच्या दृष्टीने खरेच असेल. मारणाऱ्याचे नाव ठाऊक नसेल तर मारल्या गेलेल्याचा कागद हाती लागत नाही, हा अन्याय त्या जाडजूड वहीच्या बांधणीतच आहे. म्हणून आधी अटलांटात बसून 'अटलांटा डेली वर्ल्ड'सारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांचे जुने अंक वाचावेत, आरोपींची नावे, त्यांचे निरनिराळे स्पेलिंग आणि खटल्याचा महिना टिपून घ्यावा, आणि मगच, तेही कामाच्या दिवशी, काउंटी गाठावी. शनिवारी गेलात तर कुलूप पाहून याल.

दफनभूमीत जाताना जॉर्जियाच्या मध्यावरील मेकन शहराच्या दक्षिणेकडची चिलटे गृहीत धरावीत. ती डोळ्यांत जातात, तोंडात जातात, आणि त्यामुळे आमच्यातले दोघे कबरींची टिपणे अर्धवट सोडून गाडीत जाऊन बसले. उन्हाळ्यात जाऊच नये. पँट पायमोज्यांत खोचावी, कारण गवतात लाल मुंग्यांची वारुळे असतात. अक्षरे झिजलेली दिसली तर नुसते पाणी आणि मऊ ब्रश वापरावा. तारेचा ब्रश आणि ब्लीच यांना सक्त मनाई. घरच्यांची परवानगी असल्याशिवाय कबरीचे छायाचित्र कुठेही टाकू नये, आणि गावात कुणाचे दार वाजवण्याआधी तिथल्या चर्चमार्फत ओळख काढावी.

राहता राहिली गाडी. भाड्याच्या गाडीसाठी जाहिरातीत दाखवलेला दर आणि आमच्या हातात पडलेले बिल यांचा संबंध लावायला मला परतीचा सगळा रस्ता पुरला नाही. चालक पंचवीस वर्षांखालील असल्याबद्दल रोजचा वेगळा आकार, दुसऱ्या चालकाचा आणखी वेगळा, आणि टाकी आम्ही काठोकाठ भरून परत केली तरी आधीच गळ्यात मारलेले पेट्रोल. ही सरळ लूट आहे. पंचविशी ओलांडलेला एखादा संशोधक विद्यार्थी सोबत घ्यावा, गाडी त्याच्याच नावावर काढावी, पेट्रोलच्या रकान्यावर सही करू नये, आणि काउंटीसाठी एक मुक्काम धरूनच पैसे गोळा करावेत.