थंडीतलं सॉसेज-पास्ता सूप, मुक्काम शिकागो

जानेवारीत इथला पारा उणे पंधरापर्यंत घसरला आणि मिशिगन सरोवरावरून वारा सुटला, की टोमॅटो सारासारखं पातळ काही पोटाला पुरत नाही. मग आमच्याकडे सॉसेज-पास्ता सूप होतं. एका पातेल्यात सगळं, आणि जेवण तेवढंच.

सगळी मदार सॉसेजवर. आपल्याकडे नाश्त्याला परततात ती शिजवलेली गुळगुळीत सॉसेजेस डोळ्यांसमोर आणू नका. इथलं ‘इटालियन सॉसेज’ म्हणजे मसाला लावून आतड्यात भरलेला कच्चा पोर्क खिमा. त्यात बडीशेप किंवा तिच्याच वळणाची अनिस असलीच पाहिजे, असा अमेरिकी सरकारचा नियमच आहे! माइल्ड आणि हॉट असे प्रकार मिळतात. मी डोळे झाकून हॉट उचलते.

चौघांसाठी साधारण ४५० ग्रॅम सॉसेज. वरचं आवरण काढून खिमा जाड बुडाच्या पातेल्यात मोकळा करायचा आणि मग हात आवरायचा. सारखं ढवळलं तर पाणी सुटून तो नुसता उकडतो. चांगला तांबूस व्हायला हवा. सुटलेली चरबी ओतून देऊ नका, त्यातच कांदा आणि चार-पाच लसूण पाकळ्या परता. एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, तेवढाच मैदा, मग सव्वा लिटर चिकन स्टॉक. बुडाला चिकटलेलं खरवडून घ्या, चव तिथेच दडलेली असते. पार्मेजान चीजची कडक साल उरली असेल तर तीही आत टाका, वाढताना काढायची. गरम मसाल्याच्या डब्याकडे मात्र हात नेऊ नका. बडीशेप आणि लाल तिखट आहे, तेवढं पुष्कळ.

पंधरा मिनिटं मंद उकळलं की आच कमी करून कपभर क्रीम. इथल्या हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे टोमॅटोच्या आंबटपणाला ते दाद देत नाही. दूध किंवा हलकं क्रीम फाटायची शक्यता जास्त. शेवटी मूठ-दोन मूठ पालक.

पास्ता छोटाच हवा. मला दितालिनी आवडतो, बोटाच्या पेरापेक्षा आखूड नळ्या. दीडशे ग्रॅम पुरतो. लगेच संपणार असेल तर सूपमध्येच शिजवा. उरणार असेल तर वेगळा उकडून वाडग्यात घाला. कारण हे सूप वरणफळांच्या जातीचं: फळं वरण पितात तसा पास्ता रात्रभरात सगळा रस पिऊन टाकतो आणि सकाळी पातेल्यात लगदा सापडतो.

पुण्या-मुंबईत करायचं असेल तर सॉसेज शोधत फिरू नका. चिकन खिम्याला भरडलेली बडीशेप, लसूण, चिली फ्लेक्स, मिरपूड आणि मीठ चोळून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. चिकनला चरबी बेताची, तेव्हा परतताना दोन चमचे तेल जास्त लागेल. गोव्याचा चोरीस, म्हणजे तिथलं पोर्क सॉसेज, वापरावा असं कुणाला वाटेल, पण त्यातल्या व्हिनेगरचं आणि क्रीमचं जमणार नाही. तो पावाबरोबरच खावा. आपल्याकडच्या पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश पंचवीस टक्क्यांच्या आसपासच असतो, म्हणून ते गॅस बंद करून घाला आणि नंतर उकळी येऊ देऊ नका.