जात्यासारखी वाजणारी मोटर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी तीस वर्षे मोटर रिवाइंडिंगचे काम केले. नदीकाठच्या शेतकऱ्यांचे पंप, लेथच्या मोटरी, पिठाच्या गिरण्यांच्या मोटरी असे सगळे हाताखालून गेले आणि त्यातून आवाज ऐकून दोष ओळखण्याची सवय कानाला लागली. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि शांतपणे ऐकायचे, ही आमची जुनी तपासणी. विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्या कामाला येऊ लागल्या तेव्हा ही विद्या त्यांनाही तशीच लागू पडेल, असे मला वाटत होते. ती बरीचशी पडते. परंतु एका बाबतीत या मोटरी पंपाच्या मोटरींपेक्षा मुळातच वेगळ्या आहेत, आणि ते लक्षात न घेता केलेली दुरुस्ती काही महिन्यांतच वाया जाते. हे टिपण त्याविषयी आहे.

गेल्या पावसाळ्यात ओळखीचा एक टॅक्सीचालक त्याची गाडी घेऊन आला. गाडी दुसऱ्या हाताने घेतलेली, १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली आणि वॉरंटी संपलेली होती. "काका, गाडी दळण दळल्यागत वाजतीया," एवढेच त्याने सांगितले आणि ते वर्णन अचूक होते. सेवा केंद्राने त्याला मोटर, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचा संपूर्ण जोड बदलायला सांगितला होता, कारण त्यांच्या सुट्या भागांच्या यादीत मोटरच्या बेअरिंगला क्रमांकच नव्हता. ज्या भागाला बाजारात प्रमाणित माप आहे, तो यादीत नाही म्हणून धडधाकट स्टेटर (वाइंडिंगचा स्थिर भाग) आणि रोटर (फिरणारा भाग) टाकून द्यायचा, ही गोष्ट मला तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही.

आवाज मोटरचाच आहे, हे आधी ठरवावे लागते. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज लांब वळणावर, गाडीचा भार एका बाजूला गेला की वाढतो किंवा कमी होतो. गिअरच्या दातांचा सूर वेग वाढवताना एक आणि पाय सोडल्यावर दुसरा असतो, कारण दाताची कामाची बाजू पालटते. इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीच्या विजेपासून मोटरसाठी तीन फेज बनवणाऱ्या पेटीची, बारीक शिट्टी गाडी हळू चालू लागतानाही ऐकू येते आणि वेगाबरोबर तिची पट्टी चढत नाही. तो दोष नव्हेच. या गाडीचा आवाज वेगाबरोबर चढत होता आणि सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या वेगात न्यूट्रल केले तरी तसाच राहत होता. न्यूट्रलमध्ये मोटरला प्रवाह मिळत नाही. तेव्हा वाइंडिंगवरचा संशय बराच कमी झाला आणि फिरणाऱ्या यंत्राकडे बोट वळले.

पुढचे काम कागद-पेन्सिलीचे होते. चाकाचा एक फेरा सुमारे १.९ मीटरचा, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ५२६ फेरे घेते. या गाडीत मोटरचे साडेनऊ फेरे झाले की चाकाचा एक होतो. म्हणून मोटर मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या आसपास, अर्थात सेकंदाला ८३ फेरे फिरत होती. फोनमध्ये आवाजाचा आलेख काढणारे साधे ॲप घालून आम्ही कागलच्या दिशेने महामार्गावर फेरी मारली. आलेखात ३०० हर्ट्झला ठळक सुळका होता आणि त्याच्या दुपटीला व तिपटीला धाकटे सुळके होते. ताशी ४० ला तोच सुळका २०० वर उतरला. आता ३०० ला ८३ ने भागले की ३.६ येतात, आणि सगळे रहस्य या अपूर्णांकात आहे. मोटरच्या शाफ्टवरील गिअरचे दात किंवा रोटरचे ध्रुव यांचा आवाज शाफ्टच्या फेऱ्यांच्या पूर्ण पटीत येतो, कारण दात आणि ध्रुव मोजून बसवलेले असतात. बेअरिंगचे छर्रे मात्र शाफ्टच्या निम्म्याहूनही कमी वेगाने घरंगळत फिरतात; छऱ्यांच्या संख्येला साधारण ०.४ ने गुणले की बाहेरच्या कडीच्या दोषाची पट मिळते आणि ०.६ ने गुणले की आतल्या कडीची. नऊ छऱ्यांच्या बेअरिंगला हे आकडे ३.६ आणि ५.४ येतात. गाडीचा एक बोल्टही न काढता बाहेरच्या कडीवर बोट ठेवता आले, याचा आनंद मला अजून आहे.

मोटर उतरवण्याआधीची खबरदारी मी कधीच घाईत उरकत नाही. १२ व्होल्टची बॅटरी सोडवावी, मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवावा, किमान दहा मिनिटे थांबावे आणि १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलींच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. ते ६० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात लावू नये, आणि मीटर स्वतः ठीक आहे की नाही, हे मोजण्याच्या आधी व नंतर चालू बॅटरीवर तपासून घ्यावे. हे काम एकट्याने करू नये.

रोटर बाहेर काढणे हा पंपाच्या मोटरीशी अजिबात न जुळणारा प्रकार आहे. बऱ्याच नव्या गाड्यांप्रमाणे याही गाडीच्या रोटरमध्ये निओडिमियमचे कायमचुंबक होते, आणि ते वीज बंद असतानाही रोटरला स्टेटरकडे जबरदस्त ओढतात. हाताने काढायला गेले तर बोट चिरडेल आणि वाइंडिंगही सोलून निघेल. आम्ही लेथवर लांब दिशादर्शक दांडे बनवले आणि स्क्रूच्या जॅकने रोटर सरळ रेषेत मिलिमीटर-मिलिमीटर बाहेर घेतला. टेबल लाकडी होते आणि आजूबाजूला लोखंडाचा कीसही राहू नये म्हणून आदल्या रात्रीच जागा धुऊन घेतली होती. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, त्यांनी या रोटरजवळ येऊच नये.

बेअरिंग कापून उघडले तेव्हा ग्रीस काळे पडलेले होते आणि बाहेरच्या कडीच्या धावेवर (छर्रे जिच्यावर फिरतात त्या खोबणीवर) एकसारख्या अंतरावर आडव्या करड्या रेघा उठल्या होत्या. टाकी लावलेला पाटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या रेघा समजावून सांगायला नकोत. ही झिजेची खूण नसून विजेची खूण आहे. पंपाच्या मोटरीला मिळणाऱ्या तीन फेजांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असते. इन्व्हर्टर मात्र बॅटरीचा एकदिश प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून तीन फेज बनवतो आणि त्या तुकड्यांची बेरीज शून्य होत नाही. उरलेले व्होल्टेज वाइंडिंग आणि रोटर यांच्यातील फटीतून, एखाद्या कपॅसिटरमधून जावे तसे, शाफ्टवर चढते. शाफ्ट आणि मोटरचे आवरण यांच्यामध्ये तेव्हा फक्त छऱ्यांवरचा ग्रीसचा अतिशय पातळ थर असतो. तो फुटला की ठिणगी पडते, पोलादाचा सुईच्या टोकाहूनही लहान थेंब वितळतो आणि ग्रीस करपते. हे अगणित वेळा घडले की गुळगुळीत धावेचा पाटा होतो. सूतगिरण्यांमध्ये मोटरींना ड्राइव्ह, म्हणजे वेग बदलणारे इन्व्हर्टर, बसू लागले तेव्हाही बेअरिंगे अशीच जाऊ लागली होती. आम्ही मात्र ग्रीसला आणि फिटरला दोष देत नव्या पोलादी बेअरिंगा ठोकत राहिलो. ती चूक माझीही आहे.

म्हणून या वेळी सिलिकॉन नायट्राइडचे सिरॅमिक छर्रे असलेली दोन बेअरिंगे बसवली. त्या छऱ्यांतून वीज वाहत नाही आणि ते पोलादापेक्षा निम्म्याहून हलके असल्यामुळे मोठ्या वेगाला सोसतात. तेवढ्याने काम संपत नाही. मोटरच्या बेअरिंगमधली वाट बंद झाली की शाफ्टवरचे व्होल्टेज स्प्लाइनमधून, म्हणजे दोन शाफ्टांच्या खाचेदार जोडातून, गिअरबॉक्सच्या पहिल्या शाफ्टवर जाते आणि तिथली बेअरिंगे खाऊ लागते. या गाडीतही त्या बेअरिंगची धाव निस्तेज, राखाडी झालेली दिसली, तेव्हा तेही बदलले आणि शाफ्टच्या मागच्या टोकाला कार्बन तंतूंची अर्थिंग कडी बसवली, जेणेकरून विजेला छऱ्यांशिवाय दुसरी, सोपी वाट मिळावी. बेअरिंग बसवताना हातोडा वापरला नाही. ते १०० अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर आपसूक सरकू दिले.

मोटर उघडीच होती म्हणून वाइंडिंगही पाहिले. मेगर (इन्सुलेशन मोजण्याचे मीटर) लावण्याआधी इन्व्हर्टर पूर्ण सोडवलाच पाहिजे, नाहीतर त्यातील महागडे भाग एका क्षणात जातात. गाडीच्या नियमांत इन्सुलेशनची किमान मर्यादा व्होल्टला ५०० ओहम एवढी आहे, म्हणजे ३२० व्होल्टच्या बॅटरीला १६० किलोओहम. परंतु निरोगी, कोरडी मोटर शेकडो मेगओहम दाखवते, आणि ती एकदोन मेगओहमवर आली असेल तर कुठेतरी कूलंट झिरपते आहे, असेच मी समजतो. फेजांचा रोध काही मिलिओहम असतो, तो साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. त्यासाठी चार तारांचे मीटर लागते. येथे तिन्ही फेज सारखे निघाले. तसे नसते तर माझ्या हातात फारसे काही राहिले नसते, कारण चपट्या तांब्याच्या वेल्ड केलेल्या पट्ट्यांचे हे वाइंडिंग गोल तारेसारखे आमच्या दुकानात पुन्हा भरता येत नाही.

जोडणीत सर्वांत नाजूक भाग रिझॉल्व्हरचा, म्हणजे रोटर नेमका कुठे आहे हे इन्व्हर्टरला सांगणाऱ्या सेन्सरचा असतो. तो सोडण्यापूर्वी त्याच्या घरावर आणि आवरणावर बारीक रेघ ओढून ठेवली होती. ही जागा थोडी जरी सरकली तरी मोटर धक्के देते, जोर कमी पडतो आणि विनाकारण तापते. रेघ जुळवूनही आम्ही स्कॅन टूलने त्याचे शून्य पुन्हा नोंदवले.

उघडण्यापूर्वी, रिझॉल्व्हरच्या झाकणातून शाफ्टला ब्रश टेकवून ऑसिलोस्कोपवर पाहिले तेव्हा सुमारे २० व्होल्टचे सुळके दिसले होते. अर्थिंग कडी बसवल्यावर ते ३ व्होल्टच्या आत आले. कागलच्या त्याच रस्त्यावर ताशी ६० ला ३०० हर्ट्झची जागा आलेखात रिकामी होती आणि गिअरचा तेवढा बारीक सूर शिल्लक होता. गाडी त्यानंतर २२ हजार किलोमीटर चालली आहे. परवा गिअरबॉक्सचे तेल बदलताना चुंबकी नटावर नेहमीइतकेच राखाडी पीठ मिळाले, पोलादाचे कण नव्हते. कडीचे तंतू पुसून व्होल्टेज पुन्हा मोजले. ते अजून ३ च्या आतच आहे.