सामायिक डिस्कचे फेलओव्हर : गोठवलेला नोड जागा झाल्यावर

दोन व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकांमध्ये) एकच डिस्क फिरती ठेवण्याचे, म्हणजे एक बंद पडले की दुसऱ्याने ती आपोआप उचलण्याचे (फेलओव्हर), माझे काम या महिन्यात बरेच पुढे सरकले आहे. मांडणी अशी आहे. शहापूरच्या घरी माडीवरच्या खोलीत दोन जुने डेस्कटॉप असून प्रत्येकावर केव्हीएम या लिनक्समधल्या सोयीने एकेक व्हर्च्युअल मशीन चालते, तर तिसरा लहान संगणक लिनक्सच्या आयस्कझी टार्गेटमधून (नेटवर्कवरून डिस्क पुरवणाऱ्या सोयीतून) ४० जीबीची डिस्क दोघांनाही देतो. पेसमेकर (कोणती सेवा कुठे चालावी हे ठरवणारा) आणि कोरोसिंक (मशीन एकमेकांच्या संपर्कात आहेत का ते पाहणारा) यांच्या देखरेखीखाली एलव्हीएम (डिस्कच्या जागेची विभागणी सांभाळणारे), ईएक्सटी-४ फाइल सिस्टीम, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि फिरता आयपी पत्ता असा एक गट एका वेळी एकाच नोडवर, म्हणजे दोनपैकी एकाच मशीनवर, उभा राहतो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांनी वहीत रोज लिहून ठेवलेला पाऊस मी या डेटाबेसमध्ये उतरवत आहे. त्यांतल्या काही वह्यांना आता वाळवी लागली आहे, त्यामुळे एकदा उतरवलेली नोंद हरवणे मला परवडणारे नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट वारंवार जाते-येते आणि इन्व्हर्टर दोन्ही डेस्कटॉपांचा भार फार वेळ पेलत नाही. एक नोड बंद पडला की दुसऱ्याने डिस्क उचलावी, एवढीच माझी मूळ अपेक्षा होती, आणि तेवढे काम पहिल्याच आठवड्यात साधलेही. मात्र वैशाखात घाईने स्टोनिथ (संशयास्पद नोडला जबरदस्तीने बाहेर काढण्याची सोय) बंद ठेवून केलेल्या एका प्रयोगात दोन्ही नोडनी ही फाइल सिस्टीम एकाच वेळी माउंट केली (वापरासाठी जोडली) आणि ती दुरुस्त होण्यापलीकडे बिघडली. ईएक्सटी-४ ही एका वेळी एकाच कर्नेलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) वापरण्यासाठी रचलेली आहे. कोणते ब्लॉक मोकळे आहेत याचा हिशेब प्रत्येक नोड आपल्या मेमरीत ठेवतो आणि दुसऱ्याने काय लिहिले ते त्याला कळतही नाही, त्यामुळे दोघेही एकाच ब्लॉकला मोकळा समजून त्यावर लिहितात. नोंदींची प्रत दुसरीकडे होती म्हणून निभावले. त्या दिवसापासून माझे सगळे लक्ष एकाच प्रश्नावर आहे : जुना मालक खरोखरच डिस्कपासून दूर झाला आहे, हे नव्या मालकाला कशावरून कळावे?

याची सर्वांत कठोर चाचणी वीज तोडून होत नाही, कारण वीज गेलेला नोड निदान काही लिहीत नाही. म्हणून मी डेटाबेसमध्ये सलग नोंदी भरत असतानाच होस्टवरून, म्हणजे त्या डेस्कटॉपवरून, विर्श सस्पेंड आदेश देऊन सक्रिय नोड गोठवला. कोरोसिंकच्या टोकनची (नोडांमध्ये फिरणाऱ्या हजेरीच्या संदेशाची) मुदत ३००० मिलिसेकंद आहे. ती उलटून सदस्यत्व नव्याने ठरल्यावर दुसऱ्या नोडने डिस्क घेतली आणि डेटाबेस सुरू केला. त्यानंतर मी गोठवलेला नोड जागा केला. मधल्या काळात काही घडले आहे याची त्याला जाणीवच नसते. मेमरीत राहिलेली, अजून न लिहिलेली पाने डिस्कवर उतरवायला तो लगेच हात घालतो. एलव्हीएमची सिस्टीम आयडी (डिस्क कोणत्या नोडची हे सांगणारी खूण) येथे उपयोगी पडत नाही, कारण ती व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएमने बांधलेला डिस्कचा गट) सक्रिय होताना तपासली जाते आणि या नोडवर तो आधीच सक्रिय होता.

त्याला अडवले ते फेन्स-स्कझीने, म्हणजे डिस्कवरूनच नोडला कुंपणाबाहेर ठेवणाऱ्या साधनाने. या पद्धतीत प्रत्येक नोड स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशननुसार (डिस्कवर टिकून राहणाऱ्या आरक्षणानुसार) डिस्कवर आपली किल्ली नोंदवतो, आणि किल्ली नोंदलेल्यांनाच लिहिण्याची मुभा राहते. नव्या मालकाने जुन्याची किल्ली काढून टाकली आणि ते काम यशस्वी झाल्याची खात्री पटल्यावरच पेसमेकरने फाइल सिस्टीम माउंट केली. जागा झालेल्या नोडच्या कर्नेल लॉगमध्ये ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’ अशा ओळी उमटल्या आणि पाठोपाठ ईएक्सटी-४ ने आपले जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) थांबवले. टार्गेटवर त्याचे एक अक्षरही उतरले नाही. तो लॉग मी सावकाश दोनदा वाचला, आणि वैशाखातल्या त्या प्रसंगानंतर प्रथमच मला या मांडणीचा भरवसा वाटला.

तरीही एक उणीव राहत होती. हे रिझर्व्हेशन लिहिणे अडवते, वाचणे नाही. बाजूला पडलेला नोड आपल्या मेमरीतली शिळी माहिती काही काळ कोणालाही पुरवू शकतो. म्हणून फेन्स-स्कझीसोबत येणारी तपासणीची स्क्रिप्ट मी वॉचडॉगला (बिघाड दिसताच संगणक रीबूट करणाऱ्या पहारेकऱ्याला) जोडली आहे. आपली किल्ली डिस्कवर नाही असे दिसताच ती नोडला रीबूट करते. नोड पुन्हा क्लस्टरमध्ये आला की अनफेन्सिंगच्या (पुन्हा आत घेण्याच्या) टप्प्यात किल्ली नव्याने नोंदली जाते.

हे करू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. होस्टवरची साधी इमेज फाइल व्हर्ट-आयओ (केव्हीएमची आभासी) डिस्क म्हणून दोन मशीनना दिली, तर हे रिझर्व्हेशनचे आदेश टार्गेटपर्यंत पोहोचतच नाहीत. मी व्हर्च्युअल मशीनच्या आतूनच आयस्कझीने टार्गेटशी जोडणी केली आणि अडचण मिटली.

निपाणीच्या एका मित्राने विचारले की दोन्ही नोड जिवंत असून त्यांच्यातला संपर्क तेवढा तुटला, तर ते एकमेकांना बाहेर काढणार नाहीत का. फेन्स-स्कझीत ज्याचा आदेश टार्गेटवर आधी पोहोचतो तो जिंकतो, कारण किल्ली गमावलेल्याचा पुढचा आदेश टार्गेट नाकारते. दोन नोडच्या कोरममध्ये (काम सुरू करण्यास लागणाऱ्या गणसंख्येत) ‘वेट फॉर ऑल’ (सगळ्यांची वाट पाहा) आपोआप लागू होते, त्यामुळे लाईट परतल्यावर एकच नोड उठला तर तो दुसऱ्याची वाट पाहत थांबतो. ही वाट पाहणे मला योग्यच वाटते.

साठवणीचा संगणक एकच आहे, आणि तो गेला तर सगळेच थांबते. त्यावर उपाय शोधण्याआधी मला फक्त आयस्कझीची केबल काढून पाहायची आहे. त्या वेळी कोरोसिंकला दोन्ही नोड धडधाकट दिसतील. फाइल सिस्टीमची नेहमीची तपासणी ती माउंट आहे एवढेच पाहते, म्हणून तपासणीची पातळी २० करून प्रत्यक्ष लिहून बघायला लावावे लागेल. शिवाय आयस्कझी जोडणी तुटल्यावर त्रुटी कळवण्याआधी मुळात १२० सेकंद थांबते. ती मुदत किती खाली आणावी, हे पुढच्या रविवारी केबल काढून, घड्याळ लावून ठरवणार आहे.