मनगट

आज रस्ता ओलांडताना दादानं न बघताच माझं मनगट धरलं. हात नाही, मनगटच.

मी पंचेचाळीसची, तो पन्नाशीला टेकलेला. पलीकडे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि ओशाळून सोडलं.

लहानपणी शाळेत नेताना असंच धरायचा. दुखायचं. मी कुरकुरले की म्हणायचा, "हात घामानं निसटतो, मनगट नाही निसटत." (हेच मनगट पिरगाळून माझा लाल खडूही त्यानंच पळवलेला, ते वेगळं.)

तेव्हा तो असेल जेमतेम नऊ वर्षांचा. नऊ! माझा मुलगा त्या वयात बुटाची नाडीसुद्धा माझ्याकडून बांधून घ्यायचा.

आणि तेव्हा दादाचं मनगट कोण धरायचं? इतक्या वर्षांत विचारलंच नाही मी.