तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या कीबोर्ड संगीताचं पुस्तक कुठलं घ्यायचं?

मी पियानो शिकवते आणि माझा स्वतःचा जीव मात्र हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं कीबोर्ड वाद्य) आणि चर्च ऑर्गनसाठी लिहिलेल्या जुन्या संगीतात अडकलाय, हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. कधी ग्रेडच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे आईबाबा विचारतात, कधी नोकरी-संसारातून जरा मोकळे होऊन पुन्हा पियानोकडे वळलेले लोक विचारतात. "मॅडम, बाखचं एकच पीस दोन पुस्तकांत दोन प्रकारे छापलंय, एकात हळू, मोठ्याने, जोडून, बोटं कुठली सगळं लिहिलंय आणि दुसऱ्यात नुसते सूर, मग बरोबर कुठलं? आणि नेटवर फुकट मिळतंय तर विकत कशाला घ्यायचं?"

उत्तर आधीच सांगून टाकते, ज्यात कमी लिहिलंय ते घ्या. आता का ते सांगते, जरा लांबण लागेल.

बाख हा १८व्या शतकातला जर्मन संगीतकार, त्याच्या वेल-टेंपर्ड क्लॅव्हियर या प्रेल्यूड आणि फ्यूगच्या संग्रहाच्या (प्रेल्यूड म्हणजे सुरुवातीचा तुकडा, फ्यूग म्हणजे एकच चाल वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते तो) पहिल्या भागातला पहिलाच सी मेजर प्रेल्यूड घ्या, तो सगळ्यांना माहीत असतो. बाखच्या स्वतःच्या अक्षरातली १७२२ सालची प्रत बर्लिनच्या स्टेट लायब्ररीत आहे आणि तिचे स्कॅन घरबसल्या बघता येतात. त्यात स्पीड लिहिलेला नाही, मोठ्याने-हळू नाही, स्लर म्हणजे सूर जोडून वाजवायच्या कमानी नाहीत, बोटांचे आकडे नाहीत, काही म्हणजे काही नाही. आता १८३७ च्या आसपास कार्ल चेर्नीने तयार केलेली एडिशन बघा, जी पुढे शंभर-दीडशे वर्षं घरोघरी वाजली आणि अजूनही तिच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. तिच्यात टेम्पो आहे, क्रेशेंडो म्हणजे आवाज हळूहळू वाढवायच्या खुणा आहेत, बोटं आहेत, सगळं आहे. चेर्नीने हे मनाला येईल तसं केलं असं मी म्हणणार नाही, तो बीथोव्हनचा शिष्य, आणि त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की बीथोव्हनला यातले बरेच फ्यूग वाजवताना ऐकलं होतं त्या आठवणीवर त्याने खुणा केल्या. म्हणजे ती १९व्या शतकातल्या पियानोवाल्यांची फार मोलाची साक्ष आहे. पण ती बाखची नाही, आणि पुस्तकावर नाव बाखचं असतं, त्यामुळे शिकणाऱ्याला कळतच नाही की यातलं कुठलं कुणाचं.

आणि प्रश्न नुसत्या खुणांचा नाहीये, सुरांचाही आहे. याच प्रेल्यूडमध्ये २२व्या बारला (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा कप्पा) डाव्या हाताचा खालचा सूर आहे एफ शार्प, २३व्या बारला एकदम ए फ्लॅट, आणि मग २४व्याला जी. नीट बघा काय चाललंय, जी हा सूर त्या दोघांच्या मधोमध आहे, बाख आधी त्याच्या खाली उभा राहतो, मग त्याच्यावरून उडी मारून पलीकडे जातो, आणि मगच येऊन त्याच्यावर बसतो, आणि बसतो तो असा की पुढचे आठ बार तो जी सुटतच नाही. ही उडी पुढच्या काळात खटकली असावी, कारण १८व्या शतकाच्या शेवटी मधे एक जास्तीचा बार आला, तो श्वेंके नावाच्या हॅम्बुर्गच्या संगीतकाराच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यात खाली जी ठेवलाय. झालं, एफ शार्प, जी, ए फ्लॅट, जी, सगळं पायरीपायरीने गुळगुळीत, पण तो ताण गेला! मग हा बार चेर्नीच्या एडिशनमध्ये गेला, आणखी कितीतरी पुस्तकांत गेला, आणि गुनो या फ्रेंच संगीतकाराने या प्रेल्यूडवर जी 'आव्हे मारिया'ची चाल बसवली त्यातही गेला. वांद्र्याला किंवा मडगावला चर्चमधल्या लग्नात ती तुम्ही ऐकली असेल, त्या साथीत तो बार आहे. तुमच्याकडचं पुस्तक उघडा आणि बार मोजा, ३५ भरले तर बाख, ३६ भरले तर मधे कुणीतरी आलंय.

बाखच्याच काळातल्या स्कारलाट्टी या इटालियन संगीतकाराचंही असंच. त्याच्या साडेपाचशेच्या वर सोनाटा आहेत, त्याच्या स्वतःच्या हातचं एकाचंही हस्तलिखित उरलेलं नाही, मुख्य आधार म्हणजे व्हेनिस आणि पार्मा इथल्या हस्तलिखित खंडांचा. अलेस्सांद्रो लोंगोने १९०६ पासून हे सगळं छापलं, फार मोठं काम केलं, पण स्कारलाट्टीचे ते कर्कश, मुद्दाम एकमेकांवर आदळणारे कॉर्ड त्याला चुका वाटले आणि त्याने बऱ्याच ठिकाणी ते "दुरुस्त" करून टाकले. जे त्या संगीताचं तिखट आहे तेच काढून टाकलं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण कित्येक लोकांनी स्कारलाट्टी असा अळणी होऊनच ऐकला.

मग मूळ कागद इतका रिकामा का? कारण तो त्या वाद्यासाठी लिहिलाय. हार्प्सिकॉर्डमध्ये की दाबली की आत लाकडाची एक पट्टी, तिला जॅक म्हणतात, वर उचलली जाते आणि तिच्यावरचा प्लेक्ट्रम, जुन्या काळी पक्ष्याच्या पिसाच्या दांड्याचा, तार छेडतो. तुम्ही जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज जवळजवळ तेवढाच. ऑर्गनमध्ये तर हवाच पाइपमध्ये जाते, बोटाच्या जोराचा संबंधच नाही. (संगीत नाटकात वाजायचा तो पायाने हवा भरायचा रीड ऑर्गन, हा चर्चमधला पाइप ऑर्गन, घोळ होतो म्हणून सांगितलं.) तेव्हा क्रेशेंडो लिहून करणार काय? बाखने १७३५ साली इटालियन कॉन्चेर्टो छापला त्यात फोर्टे आणि पियानो लिहिलंय, पण त्याचा अर्थ हाताचा जोर नाही, दोन मॅन्युअल म्हणजे दोन मजली कीबोर्ड असलेल्या हार्प्सिकॉर्डवर कुठला हात कुठल्या मजल्यावर जायचा ते तिथे सांगितलंय. बाखच्याच गोल्डबर्ग व्हेरिएशन्समध्ये, म्हणजे एकाच पायावर रचलेल्या तुकड्यांच्या मालिकेत, पियानोवर दोन्ही हात एकमेकांत अडकतात ते याच कारणाने, ती दोन मजल्यांसाठी आहेत.

अजून एक गंमत, जुन्या इटालियन आणि इंग्लिश संगीतात डाव्या हाताला मधेच असा ताण येतो की वाटतं या माणसाला सहा बोटं होती. तर त्या काळच्या बऱ्याच वाद्यांत शॉर्ट ऑक्टेव्ह असायचा, खालची जी की ई दिसते ती वाजते सी, एफ शार्प दिसते ती डी, जी शार्प दिसते ती ई, त्यामुळे जे आपल्याला पंजा फाडल्याशिवाय जमत नाही ते त्यांच्या हाताखाली सहज यायचं. कागदावर यातलं काही लिहिलेलं नाही, लिहायची गरजच नव्हती.

आपल्याकडे भातखंडे लिपीतली बंदिश बघितलीत ना, स्थायी अंतरा दिसतो, मात्रा दिसतात, पण ती गायची कशी हे गुरूसमोर बसूनच कळतं, आणि कागद रिकामा आहे असं आपल्याला वाटतही नाही. तसंच आहे हे. फ्रांस्वा कूपरँ या फ्रेंच संगीतकाराने १७१६ च्या आपल्या हार्प्सिकॉर्डवरच्या पुस्तकात सरळ म्हटलंय की आम्ही लिहितो एक आणि वाजवतो वेगळं. फ्रेंच लोक सारखे लिहिलेले बारीक सूर लांब-आखूड, लांब-आखूड असे झुलवत वाजवायचे, आणि लिहायचे मात्र सारखेच.

पण जिथे त्यांना नेमकं काही हवं असायचं तिथे ते लिहायचे, आणि तिथे मात्र एक ठिपका सोडायचा नाही. दाँगलबेर या फ्रेंच हार्प्सिकॉर्डवाल्याने १६८९ मध्ये आपल्या पुस्तकात ऑर्नामेंटच्या, म्हणजे सुरांच्या सजावटीच्या, २९ खुणांचा तक्ता दिला. बाखने १७२० मध्ये मोठ्या मुलासाठी वही सुरू केली त्यात १३ खुणांचा तक्ता आहे, वर खूण, खाली ती कशी वाजवायची, आणि ट्रिल (दोन शेजारचे सूर भराभर आलटून-पालटून) वरच्या सुरापासून सुरू होते हे तिथे स्वच्छ दिसतं. त्याच वहीत सी मेजरचं एक छोटं पीस आहे, त्याच्यावर बोटं बाखनेच लिहिलीत आणि उजवा हात वर चढताना तिसरं-चौथं, तिसरं-चौथं असा जातो, अंगठा खालून नेणं नाही. एकदा तसं वाजवून बघा, सूर आपोआप दोन-दोनच्या जोड्यांत बोलायला लागतात, स्लर छापायची गरज राहत नाही. मला हे फार सुंदर वाटतं, बोटं सांगितली की बोलणं आपसूक आलं.

सगळ्यात रिकामं पान बघायचं असेल तर लुई कूपरँचे प्रेल्यूड बघा, फ्रांस्वाचा काका, १६६१ मध्ये वारला, त्याचं संगीत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या बोआँ हस्तलिखितात आहे. पान उघडलं की नुसते पोकळ गोल, सगळे होल नोट, बार नाहीत, मात्रा नाहीत, आणि त्या गोलांमधून वेलीसारख्या लांबच लांब वळणदार रेघा, काही दोन सुरांना जोडणाऱ्या, काही अख्ख्या ओळीवर पसरलेल्या. त्या रेघा सांगतात कुठला सूर धरून ठेवायचा, कुठले सूर एका श्वासात आहेत, कुठला नुसता जाता जाता लागलाय. लय तुमची. पहिल्यांदा घाबरायला होतं, पण की सोडायची नाही, तार वाजत राहू द्यायची आणि पुढचा सूर त्या गुंजनातून उचलायचा, असं केलं की ते पान बोलतं. आता याच प्रेल्यूडला कुणी क्वार्टर, एट्थ अशा मात्रा घालून "सोपं" करून दिलं तर वाचायला सोपं होईल पण मग त्यात उरलं काय?

ऑर्गनचं थोडक्यात सांगते कारण वाजवायला मिळणारे आपल्यात थोडेच. फ्रेंच ऑर्गनच्या पुस्तकांत पीसचं नावच बहुतेक वेळा स्टॉप, म्हणजे कुठले पाइप वाजतील ते ठरवणाऱ्या खुंट्या, कुठले ओढायचे ते सांगतं, 'तिएर्स आँ ताय' म्हटलं की चाल मधल्या, टेनरच्या आवाजात आणि ती तिएर्सच्या स्टॉपवर. ग्रीन्यीचं १६९९ चं असं पुस्तक बाखने अख्खं हाताने उतरवून घेतलं होतं. जर्मन ऑर्गनवाले तर स्टाफ न वापरता अक्षरांनी लिहायचे, त्याला टॅब्लेचर म्हणतात, जागा कमी लागते. बाखच्या ऑर्गेलब्यूखलाइन या ऑर्गनच्या वहीत पान संपत आलं की तो उरलेले बार खाली अक्षरांत लिहून टाकतो.

तर आता खरेदीचं. वेल-टेंपर्डसारख्या रोजच्या पुस्तकाला हेन्ले, बेरेनरायटर किंवा वीनर उर्टेक्स्ट या प्रकाशकांपैकी कुणाचंही घ्या (उर्टेक्स्ट म्हणजे मूळ प्रतींवरून तयार केलेली एडिशन), महाग आहेत हे खरं, पण एक पुस्तक पंचवीस वर्षं जातं. यात संपादक सांगतो की हा सूर कुठल्या प्रतीतून घेतला आणि दुसरीकडे काय आहे. बोटांचे आकडे मात्र यातही बहुतेक संपादकाचे असतात, बाखचे नाहीत, हेन्ले काही पुस्तकं आकड्यांशिवायही विकतं, ती मिळाली तर उत्तम.

फुकटसाठी आयएमएसएलपी ही वेबसाइट आहे, २००६ मध्ये सुरू झाली आणि मी रोज वापरते. फक्त पहिली जी फाइल दिसते ती डाउनलोड करू नका, संपादक कोण आणि साल कुठलं ते बघा. हस्तलिखित किंवा पहिली छापील प्रत असेल तर ती आधी घ्या, बाखसाठी बाख-गेझेलशाफ्ट या संस्थेची १९व्या शतकातली एडिशनही चांगली स्वच्छ आहे. तिच्यात नंतरचे शोध नाहीत एवढं लक्षात ठेवायचं. उदाहरण देते, गोल्डबर्गची बाखची स्वतःची छापील प्रत १९७४ मध्ये स्ट्रासबुर्गला सापडली, त्यात सातव्या व्हेरिएशनवर त्याने हाताने लिहिलंय 'अल टेम्पो दी जीगा', म्हणजे जीग नाचाच्या चालीत. त्याआधी बरेच लोक ते संथ वाजवायचे. चार शब्दांनी अख्खं व्हेरिएशन बदललं, आणि जुन्या एडिशनमध्ये ते चार शब्द नाहीत.

ग्रेडच्या मुलांसाठी, परीक्षेचं पुस्तक वापराच, त्यातल्या खुणा पाळा, पण शेजारी मूळ प्रतीची प्रिंट ठेवा आणि मुलालाच शोधू दे की कुठल्या खुणा नंतर आल्यात. मुलांना हे फार आवडतं. प्रिंट झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्रीवर काढा, जुन्या प्रती बारीक असतात, आणि उजव्या हाताला बऱ्याचदा ट्रेबलऐवजी सोप्रानो क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी सुरुवातीची खूण) असतो, सगळ्यात खालची रेघ सी, चार-आठ दिवसांत डोळ्याला सवय होते.

आणि सुरुवात कुठून करायची विचाराल तर मी बाखने नाही करणार, फ्रांस्वा कूपरँच्या त्या १७१६ च्या पुस्तकातल्या आठ प्रेल्यूडने करेन. बोटं त्याने स्वतः लिहून दिलीत, आणि सांगितलंय की शिकायला सोपं जावं म्हणून हे मोजून लिहिलेत, पण जिथे 'मेझ्युरे' (म्हणजे मोजून) लिहिलेलं नाही तिथे मोकळेपणाने वाजवा. पहिला सी मेजरमध्ये आहे, एका पानाचा, साध्या डिजिटल पियानोवर हार्प्सिकॉर्डचा आवाज लावूनही चालेल, फक्त पेडलला पाय लावू नका.