घरच्या शेडमध्ये पद्मिनीचा पत्रा बदलला : माझा अनुभव

आमची प्रीमियर पद्मिनी 1984 ची. तेव्हा मारुती नुकतीच आलेली, पण आप्पांनी पद्मिनीचे पैसे आधीच भरून ठेवलेले आणि नंबर लागायची वाट बघत बसलेले, त्यामुळे आमच्या दारात पद्मिनीच आली. माझं लहानपण त्या गाडीत गेलं. गेली आठ-नऊ वर्षं ती कोल्हापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, वर ताडपत्री, महिन्यातून एकदा इंजिन चालू करायचं आणि बंद करायचं. इंजिन ठणठणीत. पत्र्याकडे कुणी बघितलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला धुवायला काढली. डाव्या दाराखाली रंगाला फुगे आलेले दिसले म्हणून स्क्रू ड्रायव्हरने जरा टोकरलं, तर स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

फुगा रुपयाच्या नाण्याएवढा होता आणि आत काहीच शिल्लक नव्हतं. मग एक लोहचुंबक घेतला, रंगाला चरा पडू नये म्हणून फडक्यात गुंडाळला आणि सगळ्या गाडीवरून फिरवला. जिथे पत्रा तिथे चिकटतो, जिथे लांबी जाड भरलेली तिथे सुटतो (लांबी म्हणजे गॅरेजमध्ये भरतात ती पुट्टी). डाव्या बाजूला दाराच्या खालच्या चार इंचात तो कुठेच चिकटेना. 1996 ला एका ठिकाणी गाडी डेंटिंग-पेंटिंगला दिलेली, नाव घेत नाही. त्यांनी गंज कापलाच नव्हता, आत जाळी आणि कागदाचे बोळे कोंबून वरून अर्धा इंच लांबी फासलेली. त्या बोळ्यांवरची मराठी बातमी अजून वाचता येत होती, मला फार वाईट वाटलं, आप्पांनी त्या कामाचे रोख पैसे मोजलेले.

दोन गॅरेजमध्ये विचारलं. एकाने सांगितलं वरून पत्रा मारून देतो, दुसऱ्याने सांगितलं भंगारात घाला. मी बँकेत नोकरीला, हातात कधी ग्राइंडर धरलेला नाही, पण वरून पत्रा मारणं म्हणजे परत तेच हे मला कळत होतं, त्यामुळे घरीच करायचं ठरवलं. मदतीला उद्यमनगरातले (कोल्हापुरातला कारखान्यांचा भाग) एक जुने डेंटर मिळाले, वय सत्तरच्या पुढे, आता काम करत नाहीत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. ते रविवारी यायचे, खुर्ची टाकून बसायचे, चहा घ्यायचे आणि मी काय करतोय ते बघायचे.

मामांनी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला, "गंज कुठनं आला सांग बघू." म्हणलं पावसाने. "पाऊस समद्या गाड्यांवर पडतो की. पाणी आत आलं ते भायेर का गेलं न्हाई, ते बघ आधी." दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, काचेच्या रबरातून आत उतरलेलं पाणी तिथून खाली जावं म्हणून. दाराखालची जी लांब पोकळ पेटी असते, सिल, तिलाही खालून वाटा असतात. त्या पेंटरने लांबी आणि खालून डांबरी कोट मारताना त्या सगळ्या बुजवून टाकल्या होत्या. म्हणजे पंचवीस वर्षं दर पावसाळ्यात पाणी आत साचत होतं आणि पत्रा आतून बाहेर खात येत होता. आपल्याला फुगा दिसतो तेव्हा ते शेवटचं टोक असतं हे मला तिथे कळलं आणि पुढचं सगळं काम मी हे डोक्यात ठेवूनच केलं.

आता हे नीट सांगतो कारण इथे मी मोठी चूक केली. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, मोनोकॉक बॉडी आहे, म्हणजे सगळा पत्रा मिळूनच सांगाडा. सिल ही नुसती झाकायची पट्टी नसून गाडीचा कणा आहे. मी बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली, सीट आणि कार्पेट काढलं, वाळूची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवला, इथपर्यंत बरोबर. मग गाडी पुढे आणि मागे स्टँडवर घेतली आणि एका शनिवारी दुपारी डावी सिल ग्राइंडरने सरळ कापून काढली. संध्याकाळी पुढचं दार उघडायला गेलो तर उघडेना. दाराच्या वरची फट जी पाच मिलिमीटर होती ती दोनवर आलेली. दोन टोकांवर उभी असलेली गाडी मधून वाकली होती.

त्या रात्री झोप लागली नाही. आप्पांना सांगितलंही नाही.

मामा रविवारी आले, बघितलं, आणि रागावले नाहीत. म्हणाले गंजलेली का होईना, ती सिल गाडी धरून होती, आता तू धर. मग मध्यभागी खालून जाड लाकडी फळी आणि बॉटल जॅक लावला आणि अक्षरशः अर्धा-अर्धा फेरा मारत, प्रत्येक वेळी फट मोजत, गाडी उचलली. गवंडी लोक लेव्हलला पाण्याची नळी वापरतात ती दोन्ही बाजूंना धरून उंची जुळवली, दाराच्या चौकटीचे कर्ण टेपने मोजून उजव्या बाजूशी ताडून बघितले. फट पाचवर आली तेव्हा दार काढून चौकटीत एक इंची चौकोनी पाईप आडवे-तिरके वेल्ड करून ती चौकट बांधून टाकली. हे पाईप कापायच्या आधी लावायचे असतात. आणि दोन्ही सिल एकदम कधीही कापायच्या नाहीत, एक पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरीला हात नाही. माझे यात तीन आठवडे गेले, पण गाडी वाचली.

नवी सिल कुठे मिळेना. पद्मिनी बंद होऊन वीस वर्षं उलटली, आणि ज्यांच्या भंगारातून बॉडीचे पार्ट मिळायचे त्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरमध्ये संपल्या. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली, वालचंद हिराचंद म्हणजे आपल्या सोलापूरच्या माणसाने 1944 ला उभी केलेली कंपनी, 1964 ला फियाट 1100 डिलाइट म्हणून आली आणि 1974 पासून पद्मिनी. डावं पुढचं दार कसंबसं कुर्ल्याच्याच एका भंगारवाल्याकडे मिळालं, कारखाना जिथे होता तिथलंच, मला त्याचं उगाच बरं वाटलं. सिल मात्र कोल्हापुरातच झाली. जुनीचे शाबूत राहिलेले तुकडे ठेवून पुठ्ठ्याचं माप काढलं, उद्यमनगरात बेंडिंग मशीनवर 18 गेजच्या सीआर पत्र्याची (साधा, जस्त न लावलेला पत्रा) पेटी वाकवून घेतली, फ्लोअरच्या तुकड्यांना 20 गेज, म्हणजे जरा पातळ. दुकानदार म्हणाला जीआय घ्या, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, गंजत नाही. घेऊ नका. जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो, तो धूर छातीत गेला की तापाने फणफणता.

वेल्डिंग आधी शेजारच्या ग्रिलवाल्याच्या साध्या रॉडच्या मशीनने करून बघितलं, नुसती भोकं. पातळ पत्र्याला ते चालत नाही. शेवटी 16 हजाराचं छोटं सीओटू मशीन (रॉडऐवजी बारीक वायरने वेल्ड करणारं) घेतलं, 0.8 मिलिमीटरची वायर, आणि दोन आठवडे फक्त भंगार पत्र्याचे तुकडे जोडत बसलो. सलग वेल्ड ओढायचा नाही हे हाताला कळायला वेळ लागतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग मधे, पत्रा गार होऊ द्यायचा, परत. घाई केली की पत्रा लाटेसारखा उठतो आणि मग हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊन तो बसवायला दुप्पट वेळ. कंपनीत जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला आठ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरत गेलो. आणि नव्या सिलच्या तळाला निचऱ्याची भोकं आधीच पाडून घेतली, मामांनी ती स्वतः मोजून बघितली.

डाव्या बाजूला चार महिने गेले, उजवीला दीड. शेजारपाजारच्यांनी ग्राइंडरचा आवाज इतके दिवस सहन केला याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

रंग काढायचं काम मी एकदम सगळ्या गाडीवर केलं नाही, आणि आपल्या हवेत कुणी करूही नये. उघडा पत्रा एका रात्रीत नारिंगी होतो. एक दार घ्यायचं, सकाळी रिमूव्हर लावून खरडायचं, वायर ब्रश, गंज उरला असेल तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं केमिकल, आणि त्याच संध्याकाळी इपॉक्सी प्रायमर. डिकीच्या झाकणाला मी ते केमिकल नीट धुऊन न काढता प्रायमर मारला, आठ दिवसांनी मास्किंग टेप ओढली तर टेपसोबत प्रायमर सोलून आला. अख्खं झाकण परत केलं. आत राहिलं असतं आणि वर रंग बसला असता तर दोन वर्षांनी सोललं असतं, त्यामुळे टेपने आधीच दाखवलं हे चांगलंच झालं.

लांबी मीही वापरली, तिच्याशिवाय होत नाही. पण प्रायमरच्या वर आणि दोन-तीन मिलिमीटरच्या आत, कारण ती पाणी पिते. त्याहून खोल खड्डा असेल तर पत्राच ठोकून वर आणायचा. आणि घासताना पेपर नुसत्या हातात धरायचा नाही, बोटांच्या दाबाने लाटा राहतात, फूटभर सपाट लाकडाला पेपर लावून तिरपं घासायचं, 80, मग 180, मग 320. वरून काळ्या स्प्रेचा पातळ फवारा मारून परत घासलं की जिथे काळं राहतं तिथे खड्डा. डोळ्याला जे दिसत नाही ते तळहाताला कळतं, हे मामा म्हणायचे ते खरंय, मी डोळे मिटून दारावरून हात फिरवायचो.

रंग मात्र मी घरी मारला नाही. टू-के पेंटच्या (हार्डनर मिसळून मारायचा रंग) हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते फुप्फुसाला कायमचं धरतं, दमा होतो, आणि आपले साधे कापडी किंवा धुळीचे मास्क त्याला काही कामाचे नाहीत. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बूथ (रंग मारायची बंदिस्त खोली) माझ्याकडे नव्हता, शेडच्या पलीकडे स्वयंपाकघराची खिडकी. त्यामुळे सरफेसर (रंगाखालचा थर) आणि रंग बूथवाल्याकडून करून घेतला, मधलं 600 च्या पेपरचं पाण्यातलं घासकाम मी केलं. पत्रा पूर्ण स्वतः केलाय, तेव्हा रंग दुसऱ्याने मारला याची मला जराही खंत नाही.

रंगाची छटा जुळवायला ग्लोव्ह बॉक्सच्या आतला भाग कामाला आला, तिथे कंपनीचा फिका निळा जसाच्या तसा होता, 1996 वाल्याने मारलेला निळा जरा गडदच निघाला. कंपाउंडने तो कोपरा चमकवला आणि तीन वेळा रंगाच्या नमुन्याची कार्ड बनवून घेतली. कार्ड उन्हात बघायचं, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही निळे सारखेच दिसतात. आप्पांनी तिसरं कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले "हाच. शोरूमला उभी होती तवा हाच होता."

सगळा खर्च मशीन धरून दीड लाखाच्या जरा वर गेला, दीड वर्षाचे शनिवार-रविवार वेगळे. शेवटी सिलच्या आत लांब नळीने वॅक्स फवारलं, मामांचं म्हणणं जुनं इंजिन ऑइल मारलं तरी चालतं पण ते गळत राहतं म्हणून मी वॅक्स घेतलं, आणि नंतर तारेने एकेक भोक परत मोकळं करून घेतलं, कारण वॅक्सनेही ती बुजू शकतात.

मे अखेरीला गाडी बाहेर आली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला, मी मुद्दाम गाडी शेडमधून काढून अंगणात उभी केली, आप्पा नको म्हणत असताना. तासभर धो धो कोसळला. थांबल्यावर मी टॉर्च घेऊन डाव्या दाराशी गुडघ्यावर बसलो, आप्पाही काठी टेकत आले आणि वाकले. पुढच्या दाराच्या तळातून थेंब थेंब पडत होतं, मागच्या दाराच्याही. आप्पांनी तिथे तळहात धरला आणि म्हणाले, "वाहतंय बघ."

मी तिथूनच मामांना फोन लावला.